बैठ्या खेळयंत्राची कुळकथा

नगरहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आष्टी तालुक्यात, कडा हे बाजारगाव आहे. अशा गावात ज्यांचे बालपण १९९० नंतरच्या दशकात गेले, त्यांच्यापुढे व्हिडिओ गेमचा विषय काढला असता, अरुंद गाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली, प्लायवूडची, सनमायका चढवलेली, पुरुषभर उंचीची एक पेटी, तिच्यात बसवलेला घरगुती टीव्हीचा पडदा, आणि तिच्यासमोर उभी असलेली चार-पाच मुले, त्यांतील एक खेळणारा व उरलेले सल्ला देणारे, असे दृश्य त्यांच्या मनश्चक्षूंपुढे उभे राहते. त्या पेटीत जो खेळ चाले तो बहुधा जपानात जन्मलेला असे. परंतु त्याच्या जन्मभूमीत तो उभ्याने नव्हे, तर स्टुलावर अथवा आसनावर बसून खेळला जाई, आणि त्यासाठी तेथील कारखानदारांनी जे यंत्र घडवले होते त्याचे अंगप्रत्यंग बसलेल्या मनुष्याच्या मापाने बेतलेले होते. आपल्याकडे त्या यंत्राचे अंतरंग आले; बहिरंग मात्र सहसा आले नाही. हे कसे घडले हे समजण्यासाठी आधी त्या बैठ्या यंत्राची कुळकथा पाहिली पाहिजे.

या कुळाचा मूळ पुरुष म्हणून एकाच खेळाचे नाव घ्यायचे तर ते ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे घ्यावे लागेल. ओडेसा येथे जन्मलेल्या मिखाईल कोगान नावाच्या उद्योजकाने १९५३ मध्ये टोकियोत ‘तायतो’ ही व्यापारी पेढी स्थापन केली. नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात ती पुढे स्थिरावली, आणि १९७८ मध्ये तिच्या तोमोहिरो निशिकादो या अभियंत्याने हा खेळ रचला. खेळ उभ्या पेटीतही निघाला. परंतु जपानात तो घरोघर, म्हणजे खरे तर कॉफीगृहोकॉफीगृही, पोचला तो मेजाच्या रूपाने. गुडघ्याएवढ्या उंचीचे मेज, त्यावर काच, काचेखाली आकाशाकडे तोंड करून निजवलेली टीव्हीची नळी, आणि समोरासमोरच्या दोन कडांना खेळण्याची कळ, अशी त्याची रचना असे. गिऱ्हाईक कॉफीचा पेला काचेवर ठेवी आणि त्याच काचेखाली चाललेले युद्ध खेळे. दोघे समोरासमोर बसून आळीपाळीने खेळत, आणि दुसऱ्याची पाळी आली की सगळे चित्र आपोआप उलटे होऊन त्याच्या दृष्टीला सुलटे दिसे. कित्येक कॉफीगृहांच्या मालकांनी आपली साधी मेजे उचलून त्यांच्या जागी ही यंत्रमेजे मांडली, कारण साध्या मेजावर गिऱ्हाईक एका पेल्यावर तासभर जागा अडवी, आणि या मेजावर तेच गिऱ्हाईक बसल्या बसल्या शंभर येनची नाणी टाकीत राही. त्या काळी देशात शंभर येनच्या नाण्यांचा दुष्काळ पडला अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते; ती खुसखुशीत असली तरी प्रवादच समजावा.

या खेळाच्या अंतरंगातली एक गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण यंत्राच्या मर्यादेतून कलेचा गुण कसा निपजतो याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते. पडद्यावर शत्रूंच्या अकराअकराच्या पाच ओळी, म्हणजे एकूण ५५ शत्रू, एका बाजूने दुसऱ्या बाजूस सरकत असतात. यंत्रातला इंटेल ८०८० हा संगणक आजच्या मानाने इतका मंद होता, की पडद्याचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने उमटत असले तरी प्रत्येक वेळी तो एकाच शत्रूला जागचा हलवू शके. शत्रू ५५ असताना सगळ्या सैन्याला एक पाऊल टाकण्यास जवळजवळ एक सेकंद लागे. निम्मे मारले गेले की उरलेल्यांची पाळी दुप्पट लौकर येई. आणि अखेरीस एकच उरला की तो प्रत्येक चित्रागणिक धावू लागे. शत्रू कमी होत जातात तसतसा त्यांचा वेग वाढत जातो, खेळणाऱ्याच्या छातीचे ठोकेही वाढतात, आणि हे सारे कोणी मुद्दाम लिहून ठेवलेल्या नियमामुळे नव्हे तर यंत्राच्या अशक्तपणामुळे घडते. निशिकादो यांनी हा दोष पाहिला, त्यातली गंमत ओळखली आणि तो तसाच राहू दिला. रंगाचेही तसेच. पडदा मुळात कृष्णधवल. त्यावर सेलोफेनच्या रंगीत पट्ट्या चिकटवून, शत्रू खाली उतरत येईल तसा त्याचा रंग पालटत असल्याचा भास उत्पन्न करण्यात आला होता.

मेजाचे यंत्र कॉफीगृहात शोभत असले तरी त्यात एक अडचण होती. खाली मान घालून तासन्‌तास पाहणे मानेला जाचक, आणि छताचा दिवा काचेत प्रतिबिंबित होऊन डोळ्यांना त्रासदायक. शिवाय केवळ खेळांसाठी वाहिलेली दुकाने, ज्यांना तिकडे गेम सेंटर म्हणत, वाढू लागली आणि ती रात्रभर उघडी राहू लागली, तेव्हा सरकारचे लक्षही त्यांकडे वळले. लोकनीतीवर परिणाम करणाऱ्या व्यवसायांचे नियमन करणारा जो कायदा जपानात १९४८ पासून अमलात होता, त्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन फेब्रुवारी १९८५ पासून गेम सेंटरांना परवाना घेणे बंधनकारक झाले आणि मध्यरात्रीनंतर ती बंद ठेवण्याचा निर्बंध आला. चावडीवरील कारकुनापासून राजधानीतील सचिवापर्यंत, कोणत्याही देशातील सरकारी मनुष्याला नव्या करमणुकीविषयी प्रथम संशयच वाटतो, हे येथेही खरे ठरले.

त्याच सुमारास बसण्याच्या कल्पनेला एक निराळाच फाटा फुटला. पूर्वी आसन हे केवळ सोयीचे साधन होते. आता ते खेळाचाच भाग बनले. नामको ही संस्था मासाया नाकामुरा यांनी १९५५ मध्ये योकोहामातील एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर मुलांसाठी दोन लाकडी डोलघोडे मांडून सुरू केली होती. तिने १९८२ मध्ये ‘पोल पोझिशन’ हा मोटारशर्यतीचा खेळ काढला, त्याच्या बैठ्या आवृत्तीत आसन, सुकाणूचक्र आणि पायाखालचे पायटे असा सारा संसार होता. मग सेगा या कंपनीच्या यु सुझुकी यांनी १९८५ मध्ये ‘हँग-ऑन’ आणला. त्यात खेळणाऱ्याने खऱ्या आकाराच्या मोटारसायकलच्या प्रतिकृतीवर मांड टाकून डावीउजवीकडे अंग झुकवायचे, आणि त्याच झुकण्यावर पडद्यावरची गाडी वळे. पुढल्याच वर्षी आलेल्या ‘आउट रन’च्या थाटाच्या आवृत्तीत तांबड्या उघड्या मोटारीसारखे आसन असे, आणि वळणावर ते मोटरच्या बळाने खेळणाऱ्यासकट कलत असे. तायतोने ‘डरायस’साठी तीन पडदे आरशांच्या योजनेने असे जुळवले की मधली फट दिसू नये, आणि समोरच्या बाकात ध्वनिवर्धक बसवून स्फोटाचा हादरा बसणाऱ्याच्या अंगापर्यंत पोचवला. या वेडाची परमावधी १९९० च्या ‘आर ३६०’ या सेगाच्या यंत्रात झाली. त्यात खेळणाऱ्याला पट्ट्यांनी आसनाला जखडीत, आणि यंत्र त्याला खाली डोके वर पाय अशा स्थितीत पूर्ण फिरवी. म्हणून प्रत्येक यंत्रापाशी एक नोकर उभा ठेवावा लागे. असल्या यंत्रांचे कौतुक करावे. पण ती जत्रेतल्या पाळण्याच्या कुळातली होत, आणि मला स्वतःला ती कुळकथेची आडशाखा वाटते.

मुख्य शाखा पुढे चालली ती एका साध्या, पांढऱ्या, धातूच्या व प्लास्टिकच्या पेटीच्या रूपाने. सेगाची ‘एरो सिटी’ १९८८ मध्ये आणि ‘अॅस्ट्रो सिटी’ १९९३ मध्ये आली. पुढे १९९६ मध्ये सेगाचीच ‘ब्लास्ट सिटी’ व तायतोची ‘इग्रेट टू’ यांनी ही जात पूर्णत्वास नेली. या पेट्यांत आसन यंत्राला जोडलेले नसते. समोर एक बुटके स्टूल ठेवायचे असते. तरीही यंत्राची प्रत्येक रेषा त्या स्टुलावरच्या मनुष्याला अनुलक्षून ओढलेली असते. पडदा थोडा मागे कललेला असतो, म्हणजे बसणाऱ्याची दृष्टी त्यावर सरळ पडते आणि छताचा दिवा डोळ्यांत येत नाही. कळफलक मांडीच्या किंचित वर असतो, त्यामुळे मनगट व अर्धा हात त्यावर विसावतो. आणि हात विसावला की कळ ओढण्यास खांद्याचे बळ लावावे लागत नाही, बोटांच्या चिमटीत धरलेल्या गोट्याला मनगटाने नुसता इशारा दिला तरी पुरे होते. म्हणूनच जपानी कळीच्या टोकाला गोल गोटा असतो, तिची स्प्रिंग हलकी असते, आणि तिच्या तळाशी चार दिशांना चार सूक्ष्म स्विच असतात, ज्यांचा ‘टक’ असा आवाज खेळणाऱ्याला डोळे न वळवता हाताची खबर देतो. सान्वा आणि सेइमित्सु या दोन जपानी कारखान्यांच्या कळांतली श्रेष्ठ कोणती यावर तेथील जाणकारांत जे वाद होतात, ते आपल्याकडील तबल्याच्या शाईवरील वादांइतकेच जिव्हाळ्याचे आणि तितकेच न संपणारे असतात.

बसण्याचा आणखी एक परिणाम झाला, तो सामाजिक स्वरूपाचा. कॅपकॉम या कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर टू’ हा द्वंद्वाचा खेळ १९९१ मध्ये निघाला, तेव्हा एकाच अरुंद फलकावर दोन अनोळखी माणसांनी खांद्याला खांदा घासून बसणे जपान्यांना अवघड वाटले असावे. कारण लौकरच तेथे दोन पेट्या पाठीला पाठ लावून, त्यांच्या तारा एकत्र जोडून, एकच सामना दोन पडद्यांवर दाखवण्याची पद्धत रूढ झाली. प्रतिस्पर्धी पलीकडे बसलेला असतो, त्याचे तोंड दिसत नाही, त्याचे नावही विचारले जात नाही. नाणे पडल्याचा आवाज येतो आणि पडद्यावर आव्हान झळकते, एवढाच परिचय. आपल्या गाळ्यांत याच्या नेमके उलट घडे: प्रतिस्पर्धी कोपरभर अंतरावर, त्याचा आरडाओरडा कानात, आणि पराभव झाला की त्याचा दोष मागे उभ्या असलेल्या सल्लागारांवर.

आता अंतरंगाकडे वळू, कारण जपान आणि कडा यांना जोडणारा दुवा तेथेच आहे. आरंभीच्या काळात प्रत्येक कारखान्याची तारजोडणी निराळी असे. खेळ बदलायचा म्हणजे बहुतेक पेटीच बदलायची. जपानी करमणूक-यंत्र उत्पादकांच्या संघाने १९८५ च्या सुमारास एक सामायिक जोड ठरवला, आणि संघाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘जामा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. खेळाचा सारा बोर्ड एका कडेने या जोडात खुपसायचा. त्या कडेच्या दोन्ही अंगांना अठ्ठावीस अठ्ठावीस, एकूण ५६ तांब्याच्या पट्ट्या असतात, आणि प्रत्येकीचे काम कायमचे नेमून दिलेले असते: अमक्या जागी पाच व्होल्ट, अमक्या जागी बारा, येथे तांबडा, येथे हिरवा, येथे निळा, येथे ध्वनिवर्धक, येथे नाण्याचा स्विच, येथे पहिल्या खेळाडूची डावी दिशा. एकदा पेटी या जोडाने सिद्ध झाली की कोणत्याही कारखान्याचा बोर्ड तीत चालतो. ‘स्ट्रीट फायटर टू’ला प्रत्येक खेळाडूमागे सहा बटणे लागत आणि जामाच्या पट्ट्यांत तीनचीच सोय होती, म्हणून उरलेल्या तिहींसाठी एक वेगळी तार ओढावी लागली, पण असे अपवाद थोडे.

या मापबद्ध जोडामुळे पेटी आणि खेळ यांची फारकत झाली, आणि फारकत झाल्यावर खेळ एकटाच प्रवास करू लागला. शंभर किलोच्या घरातले यंत्र जहाजाने आणणे, त्यावर जकात भरणे, नगर-बीडच्या रस्त्याने ते सुखरूप उतरवून घेणे हे छोट्या दुकानदाराच्या ऐपतीबाहेरचे. परंतु एक बोर्ड पिशवीतून येऊ शकतो, आणि त्याची नक्कल असेल तर तो फारच स्वस्त पडतो. तेव्हा पेटी स्थानिक सुताराने प्लायवूडची केली, पडदा टीव्हीचा बसवला, आणि बोर्ड तेवढा जपानी वंशाचा, बहुधा अनौरस, आला. सुताराला स्टुलावर बसलेल्या मनुष्याच्या मापाशी कर्तव्य नव्हते. गाळा अरुंद, आणि उभी मुले बसलेल्या मुलांपेक्षा कमी जागा घेतात, हा त्याचा हिशेब होता, व तो दुकानदाराच्या जमाखर्चाच्या दृष्टीने बरोबरच होता.

या पेट्यांतला सर्वांत लोकप्रिय खेळ आपल्याकडे ‘मुस्तफा’ या नावाने प्रसिद्ध झाला. मूळ नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम, १९९३. आधार मार्क शुल्ट्झ यांच्या अमेरिकन चित्रकथेचा. त्यातील चार नायकांपैकी मुस्तफा कैरो हा चपळ नायक मुलांना इतका आवडला, की खेळाचे मूळ नाव पुसून गेले आणि नायकाचेच नाव त्यास चिकटले. अमेरिकन चित्रकथा, जपानी बोर्ड, कैरोचे नाव आणि मराठवाड्यातले प्लायवूड! असा चौरंगी संकर विद्वानांच्या परिषदांत सिद्ध करून दाखवावा लागतो. गाळ्यातल्या मुलांना तो एका नाण्यात मिळत असे.

कड्यातल्या एका गाळ्यात अशी पेटी मागून उघडलेली मी पाहिली आहे. खेळ मधेच गोठत होता. दुरुस्त करणाऱ्याने बोर्ड जोडातून ओढून काढला, शाळेतल्या मुलाकडून खोडरबर मागून घेतले, तांब्याच्या पट्ट्या दोन्ही अंगांनी चमकेपर्यंत घासल्या, फुंकर मारली आणि बोर्ड परत खुपसला. पडद्यावर चित्र आले. धूळ, ओल आणि गंज यांमुळे पट्टी व जोड यांच्यातला स्पर्श क्षीण होतो आणि पाच व्होल्टांतला अर्धा व्होल्ट वाटेतच जिरला तरी बोर्ड भांबावतो, हे त्याने मला समजावले नाही. पण त्याच्या हाताला ते ठाऊक होते. पडद्याची नळी मात्र जपानी नव्हती. मराठवाड्यातल्या त्या काळच्या कित्येक रंगीत टीव्हींप्रमाणे ती पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉन कारखान्यातून बाहेर पडलेल्या एखाद्या संचातली असणे शक्य आहे.

सरकारने या पेट्यांची दखल दोन मार्गांनी घेतली. सार्वजनिक करमणुकीच्या स्थळास मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ खालच्या नियमांनुसार परवाना लागे. आणि मुंबई करमणूक शुल्क अधिनियम, १९२३ च्या कक्षेत नाटक-सिनेमाबरोबर व्हिडिओ गेमही आले. जिल्हाधिकारी कचेरीत करमणूक कराची स्वतंत्र शाखा असे. हे कायदे मुंबईचे, आणि कडा हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात, पश्चिमेस इंग्रजी अमलातल्या नगर जिल्ह्याच्या हद्दीलगत. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात सामील झाला आणि मुंबईचे कायदे हळूहळू इकडे पोचले. अशा रीतीने १९२३ चा कायदा अशा गावातल्या खेळाच्या पेटीपर्यंत आला. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला. तोवर या पेट्या मोबाइल फोनने बव्हंशी मोडीत काढल्या होत्या.

जपानातही बैठ्या यंत्रांचे दिवस मावळले. १९८०च्या दशकाच्या मध्यास तेथे २६ हजारांहून अधिक गेम सेंटरे होती. २०१९ च्या सुमारास ती चार हजारांच्या आसपास आली. सेगाने २०२० च्या अखेरीस आपल्या गेम सेंटरांच्या कंपनीतला बहुतांश हिस्सा विकला, आणि २०२२ पासून त्या दुकानांवरून सेगाचे नावही उतरले. बंद झालेल्या दुकानांतल्या पांढऱ्या पेट्या मग संग्राहकांच्या हाती पडू लागल्या. त्यांची परीक्षा करणारे प्रथम प्लास्टिकचा रंग पाहतात, कारण प्रकाशाने ते पिवळे पडते. मग फलकाच्या कडेवरचे सिगारेटचे डाग पाहतात. आणि मग पडदा बंद असताना नळीवर एखाद्या जुन्या खेळाची अस्पष्ट छाया कायमची उमटली आहे काय हे तपासतात, कारण वर्षानुवर्षे एकच स्थिर चित्र दाखवले तर आतला प्रकाशी लेप तेवढ्याच जागी झिजतो. बोर्डांचेही वार्धक्य असते. कॅपकॉमने १९९३ पासून आपल्या नव्या बोर्डांत नकलेला आळा घालण्यासाठी एक बॅटरी बसवली, जिच्या जोरावर स्मृतीत ठेवलेली गुप्त किल्ली टिकून राही; बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि अस्सल बोर्ड मरे. नकलांना मात्र या रोगाची बाधा नव्हती. तेव्हा मालक प्रामाणिक असणे हेच बोर्डाच्या जिवावर बेतत असे.

अशी एखादी जपानी पेटी कोणी हौसेने कड्याला आणलीच, तर पहिली अडचण विजेची. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची. आपल्याकडे २३० ची. यंत्र सरळ भिंतीच्या सॉकेटात लावले तर ते एकदाच चालेल. तेव्हा दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा, आणि भारनियमनानंतर वीज परत येताना जो उसळता दाब येतो त्यासाठी मध्ये स्टॅबिलायझर हवा. पूर्व जपानात विजेची वारंवारिता आपल्यासारखीच ५० हर्ट्झ, पश्चिम जपानात ६०, कारण १८९० च्या दशकात टोकियोने जनित्रे जर्मनीहून व ओसाकाने अमेरिकेहून घेतली. चित्राच्या दृष्टीने हा भेद गौण आहे, कारण पडद्याची लय बोर्ड ठरवतो, परंतु माथ्यावरच्या ट्यूबलाइटचा चोक ओसाकाकडचा असेल तर तो आपल्या विजेवर अधिक तापतो, म्हणून बदलावा. दुसरी अडचण नळीची: तीत २५ हजार व्होल्टांच्या आसपास दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही काही काळ भार उरतो. आष्टी-कडा भागात जुने टीव्ही दुरुस्त करणारे जे थोडे कारागीर असतील, त्यांना नळीवरची रबरी टोपी काढण्याआधी पेचकसाने हा भार धातूच्या सांगाड्यात उतरवण्याची रीत माहीत असते, आणि जपानी नळीलाही तीच रीत लागू पडते. मात्र पेटी भिंतीला चिकटवू नये, कारण नळीपाशी जायचे दार तिच्या पाठीकडे असते; आणि समोर स्टुलासाठी हातभर जागा सोडावी.